स्टेज दोनच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एनएलआर धरायलाच हवा

इंद्रायणीकाठ:
बाबांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. स्टेज दोन, लसिका ग्रंथी साफ. केमो द्यायची की नाही, यावर घरात आठवडाभर वाद चाललाय. काल फाइल काढून ऑपरेशनआधीचा सीबीसी पाहिला. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिम्फोसाइट ११. भागाकार केला तर ७.४५. हाच एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर. २००५ मध्ये वॉल्श आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा आकडा ५ च्या वर असलेल्यांचं आयुष्य कमी दिसतं, असं मांडलं. २०१४ मध्ये वेगवेगळ्या कॅन्सरचे १०० अभ्यास एकत्र केले, ४०,५५९ रुग्ण, दिशा तीच. ग्लासगोवाल्यांचा स्कोअरही याच जातीचा, रक्तावरून शरीरातली सूज जोखणारा: सीआरपी (सूज आली की वाढणारं प्रथिन) लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३५ ग्रॅमच्या खाली, तर २ गुण, म्हणजे सगळ्यात वाईट. महागड्या चाचण्यांमागे धावायचं आणि पैसे भरून झालेला आकडा कागदावर तसाच ठेवायचा, हे मला पटत नाही. रिपोर्टवर छापा आणि केमो ठरवताना धरा.

स्लाइडवाली:
छापायला माझी ना नाही. केमो ठरवताना धरायला आहे. ताई, रक्त घेतलं तेव्हा बाबांना ताप होता का? पोट फुगलं होतं? स्टेरॉइड चालू होतं? नुसत्या स्टेरॉइडनं न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट उतरतात, तेही काही तासांत. सीआरपी यकृतात तयार होतं, छातीत कफ झाला तरी वाढतं. शिवाय सीमारेषा कुणाची ३, कुणाची ५. गाठ किती आक्रमक आहे ते मी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर बघते: ती आतड्याची भिंत फोडून बाहेर आलीय का, रक्तवाहिनीत शिरलीय का, कडेला एकेकट्या किंवा चार पेशींपर्यंतचे पुंजके सुटलेत का. हे गाठीबद्दल असतं. तुमचा आकडा सगळ्या शरीराबद्दल आहे.

बार्शीकर:
मॅडम, स्लाइड नीट वाचली गेली तर ना! माझ्या आईच्या रिपोर्टमध्ये सहाच लसिका ग्रंथी तपासलेल्या. किमान बारा लागतात, हे मला वर्षानं कळलं. त्या 'स्टेज दोन'वर आम्ही विसंबलो. तिथं एखादा वाढलेला आकडा बघून कुणी दोनदा विचार केला असता, तर मला तो हवा होता. आणि आजारी शरीर हाही आजाराचाच भाग नाही का?

पोटाचा_सर्जन:
बार्शीकर, सहा ग्रंथींचा रिपोर्ट हीच धोक्याची खूण होती. ती तुम्हाला कुणीतरी सांगायला हवी होती. सूज आणि कॅन्सरचं नातं फिरखोनं १८६३ मध्येच मांडलं, त्यावर वाद नाही. पण २००६ मध्ये संशोधक गॅलाँच्या गटानं दाखवलेले उपयोगी लिम्फोसाइट गाठीच्या आत होते. रक्तातली टक्केवारी त्यांच्याबद्दल फार थोडं सांगते. आणि पुरावा बघा. २०२२ ची 'डायनॅमिक' नावाची रुग्णांवरची चाचणी: स्टेज दोनचे ४५५ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटात नेहमीसारखं ठरवलं, दुसऱ्यात रक्तातला गाठीचा डीएनए बघून; तर दुसऱ्यात केमो २८ ऐवजी १५ टक्क्यांनाच द्यावी लागली, आणि दोन वर्षांनी आजार उलटण्यात लक्षणीय फरक नव्हता. एनएलआरचे बहुतेक अभ्यास जुन्या फाइली उघडून केलेले आहेत. नातं दिसतं, पण त्यावरून औषध ठरवता येत नाही.

इंद्रायणीकाठ:
स्लाइडवाली, हो. आतडं अडलं होतं. पोट ढोलासारखं झालं होतं, रात्री दोनला कॅज्युअल्टीत नेलं. सहा आठवड्यांनी पुन्हा सीबीसी केला: ६१ आणि २९, म्हणजे २.१. पण पहिला ७.४५ खोटा होता, असं मी अजूनही म्हणणार नाही.

पोटाचा_सर्जन:
खोटा नव्हताच. तो बहुधा अडलेलं आतडंच सांगत होता. स्टेज दोनमध्ये आतडं अडणं ही गोष्ट आम्ही तशीही जास्त जोखमीत मोजतो. तुमचा आकडा वेगळा धरला, तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं होईल. एमएमआर, म्हणजे पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा, तपासलंय का? त्यात दोष निघाला, तर स्टेज दोनमध्ये नुसत्या फाइव्ह-एफयू या औषधाच्या केमोचा फायदा सहसा होत नाही.

इंद्रायणीकाठ:
रिपोर्टमध्ये हा शब्दच नाही.

स्लाइडवाली:
मग एनएलआरच्या आधी ते करून घ्या. गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असेल, त्यावरच एमएमआरच्या चार प्रथिनांचे स्टेन होतात. बाबांना पुन्हा सुई टोचावी लागणार नाही.

इंद्रायणीकाठ:
उद्या सकाळी लॅब उघडायच्या आधी दारात उभी राहते.