वजन ७९ किलो, तरी डॉक्टर म्हणतात बाबांचे मसल कमी झालेत. ऑपरेशनला ३ आठवडे आहेत, काय करू?

सांगलीकर_७:
नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय. काल सर्जननी सिटी स्कॅन बघून सांगितलं मसल फार कमी आहेत, सार्कोपेनिया म्हणतात याला, ऑपरेशनच्या आत ताकद वाढवा. मला कळेचना, वजन ७९ आहे, पोट सुटलेलं आहे, घरात कुणालाच ते बारीक वाटत नाहीत. पण रात्री पाय चेपायला बसलो तर पोटरी अख्खी मुठीत आली हो, दरवर्षी पायी वारी करणाऱ्या माणसाची पोटरी ती, दगडासारखी असायची. पोटात धस्स झालं. बाबा माळकरी, अंडं-मांस नाही, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. आई दिवसभर नारळपाणी आणि पेज देतेय. एवढ्या दिवसांत खरंच काही होतं का?

लेक_नागपूर:
दादा, पोटरी बघितलीत हे फार बरं केलंत. माझ्या आईचं अन्ननलिकेचं ऑपरेशन होतं तेव्हा आम्ही नुसता वजनकाटा बघत बसलो, काटा हलत नाही म्हणून खूश, आणि ती पायावरची सूज होती, पाणी धरलेलं. कुणी सांगितलंच नाही. ऑपरेशननंतर तिला कफ काढायलाही जोर लागेना, छातीत भरला, न्यूमोनिया झाला. खोकायलासुद्धा स्नायू लागतात हे तेव्हा कळलं.

आहार_पुणे:
मी कॅन्सरच्या पेशंटची डायटिशियन आहे. स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा काप बघून स्नायू किती आणि चरबी किती ते मोजता येतं, म्हणून ७९ किलोच्या माणसातही हे सापडतं, चरबी वरून झाकून टाकते. गाठीमुळे शरीरात आतून जो दाह (इन्फ्लमेशन) धुमसत असतो तो स्नायू मोडत राहतो, त्यात भूक मेलेली, त्यात ऑपरेशनचा ताण. जखम भरायला लागणारं प्रोटीनही शरीर स्नायूंतूनच ओढतं. मसल कमी असले की इन्फेक्शन जास्त, हॉस्पिटलचे दिवस जास्त, पुढे किमो सोसत नाही.
किलोमागे दिवसाला १ ग्रॅमच्या खाली प्रोटीन नको, १.५ पर्यंत न्यायचं, म्हणजे बाबांना साधारण ८० ते १२० ग्रॅम. आता पेजेच्या वाटीत जेमतेम १-२ ग्रॅम, नारळपाण्यात जवळजवळ शून्य, आणि एकादशीच्या साबुदाण्यातही तेच. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ग्लासभर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७. वरचं व्हे पावडरने (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची पावडर) भरता येतं पण आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि शुगर दाखवून घ्या. आतडं अडत असेल तर उसळी, सालीची कडधान्यं सर्जनना विचारल्याशिवाय नकोत.
आणि नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूला काम पाहिजे. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, १०-१० वेळा, दिवसातून तीनदा, शिवाय चालणं. ३ आठवड्यांत गेलेले मसल सगळे परत येत नाहीत, हे खरंच सांगते, पण झीज थोपते आणि चालायचा दम वाढतो. ऑपरेशननंतर झोपवून ठेवू नका, धडधाकट म्हाताऱ्यांच्यासुद्धा पायांतले जवळपास १ किलो मसल १० दिवस नुसतं पडून राहिल्याने जातात.

सांगलीकर_७:
ताई, खूप आभार. आज सकाळी बाबांना उठ-बस करायला लावली, ५ वेळांना १९ सेकंद लागले, शेवटच्या वेळी खुर्चीची दांडी धरली त्यांनी. एकादशीचं मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, या वेळी सोडतो. फक्त दूध सोसत नाही, पोट फुगतं, आई विचारतेय ताक दिलं तर चालेल का?

आहार_पुणे:
१२ सेकंद किंवा जास्त लागले की आम्ही पाय कमजोर धरतो, हा आकडा लिहून ठेवा, दर आठवड्याला मोजा. ताक द्या पण त्यात पाणीच जास्त. त्यापेक्षा दही फडक्यात बांधून चक्का काढा, मीठ-जिरं घालून दोन वेळा अर्धी अर्धी वाटी. दूध न सोसणाऱ्यांनाही तो बहुतेक वेळा पचतो.