मदत हवी आहे: ५० मिलिसेकंदांचा शब्द मधूनच ६७ मिलिसेकंद राहतो

नमस्कार मंडळी,

पुण्यात मानसशास्त्रात पीएचडी करते आहे. प्रयोग मराठी वाचनाचा: एक शब्द ५० मिलिसेकंद दाखवायचा, लगेच त्याच जागी मास्क (शब्द झाकणारी निरर्थक अक्षरं), मग दुसरा शब्द; तो खरा आहे की बनावट, हे सहभागीने बटण दाबून सांगायचं. पहिला शब्द वाचल्याची जाणीव होता कामा नये, सगळी भिस्त त्यावरच आहे.

प्रोग्रॅम सायकोपायमध्ये (असे प्रयोग चालवायचं पायथॉनवरचं सॉफ्टवेअर), विंडोज लॅपटॉपवर. बाहेरचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, म्हणजे एक फ्रेम (एक चित्र) १६.७ मिलिसेकंदांची, म्हणून वेळ सेकंदांत न मोजता शब्द ३ फ्रेम दाखवते. मास्कसाठी दर वेळी नवी अक्षरं जुळवते. तपकीर गल्लीतून फोटोडायोड (प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर) आणून आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डला जोडला आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवला. शब्द असेपर्यंत तिथे पांढरा चौकोन दिसतो. बहुतेक वेळा तो ५० मिलिसेकंदच असतो, पण अधूनमधून ६७ होतो.

१२० हर्ट्झचा मॉनिटर घेऊ का? तिथे ६ फ्रेम म्हणजे बरोबर ५०. की सगळं सोडून लिनक्सवर सायकटूलबॉक्स (अशाच प्रयोगांचं दुसरं सॉफ्टवेअर) शिकू? ऑक्टेव्ह या मोफत प्रोग्रॅमवर ते फुकट चालतं, पण कोड पहिल्यापासून लिहावा लागेल. सहभागी बोलावण्याआधी हे सुटायलाच हवं, कृपया सुचवा.

प्रतिसाद:

मॉनिटर इतक्यात घेऊ नका. शब्द जास्त वेळ राहतो याचा अर्थ पुढचं चित्र वेळेत तयार झालं नाही, म्हणून जुनंच आणखी एक फ्रेम टिकलं. माझा संशय मास्कवर आहे. सायकोपायमध्ये टेक्स्टस्टिमचा (पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या घटकाचा) मजकूर बदलणं बरंच वेळखाऊ असतं, आणि तुम्ही तो शब्द पडद्यावर असतानाच बदलत असणार. मास्क आणि दोन्ही शब्द ट्रायल (प्रयोगाची एक फेरी) सुरू होण्याआधीच तयार ठेवा. ट्रायल सुरू झाल्यावर फक्त चित्र काढायचं काम उरलं पाहिजे. फ्रेमच्या वेळा नोंदवायची सोय सायकोपायमध्ये आहे, ती चालू करून फ्रेम नेमकी कुठे चुकते ते बघा.

डिस्प्ले डुप्लिकेटवर (दोन्ही पडद्यांवर तेच चित्र) असेल तर लॅपटॉपचा पडदा बंद करून फक्त मॉनिटर चालू ठेवा. दोन पडद्यांचा ताल एकत्र जुळत नाही. फोटोडायोड शब्दाच्या उंचीला लावा. पडदा वरून खाली रंगतो, त्यामुळे प्रतिक्रियेचा वेळ मोजताना कोपऱ्यातला क्षण काही मिलिसेकंद आधीचा येतो.

एवढं करूनही ६७ दिसले तर कोडचा तो भाग इथे टाका, बघतो.