'विंडोज डॉट ओल्ड' आणि 'विनएसएक्सएस' हे फोल्डर डिलीट करावेत का?

प्रश्न
विंडोजचे मोठे अपडेट झाल्यापासून माझ्या सी ड्राइव्हमध्ये जेमतेम ४ जीबी जागा उरली आहे. शोधल्यावर 'विंडोज डॉट ओल्ड' आणि 'विनएसएक्सएस' हे दोन फोल्डर सर्वांत मोठे दिसले. ते थेट डिलीट केल्यास संगणक सुरू होण्यात अडचण येईल का?

प्रतिसाद १
या दोन फोल्डरचा विचार वेगवेगळा करावा. अपडेट पसंत न पडल्यास मागे फिरता यावे, म्हणून 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये आधीची विंडोज जपून ठेवलेली असते. विंडोज १० आणि ११ मध्ये ही मुदत सहसा १० दिवसांची असते व नंतर तो फोल्डर आपोआप काढला जातो. प्रिंटर, आवाज, नेहमीची सॉफ्टवेअर हे सारे नीट चालत असेल, तर तो आधीही काढता येतो. मात्र फाइल एक्सप्लोररमधून काढू नका, कारण परवानग्यांमुळे काम बहुधा अर्धवट राहते. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या क्रमाने जाऊन 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर खूण करा. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असते; त्यावर खूण राहिली तर तुमच्या स्वतःच्या फाइल्स जातील, म्हणून 'रिमूव्ह' दाबण्यापूर्वी यादी पुन्हा वाचा.

प्रतिसाद २
'विनएसएक्सएस'ला हाताने मुळीच हात लावू नये. विंडोजचे घटक तिथेच साठवलेले असतात आणि त्यांतील अनेक फाइल्स हार्ड लिंकमुळे (एकाच फाइलची दोन ठिकाणी असलेली नोंद) दुसऱ्या फोल्डरमध्येही दिसतात, त्यामुळे एकच फाइल दोनदा मोजली जाऊन त्याचा आकार आहे त्यापेक्षा फुगलेला दिसतो. डिस्क क्लीनअप उघडून 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' निवडा आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर खूण करा. जुने, बदलले गेलेले घटक तेवढेच निघतील.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. 'हायबरफिल' ही फाइल आणि विंडोजमधील 'इन्स्टॉलर' फोल्डर यांचे काय करावे?

प्रतिसाद २
हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय) वापरत नसाल, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हायबरनेशन बंद करा. त्यासाठीची 'हायबरफिल' फाइल आपोआप नाहीशी होते. फक्त त्यासोबत संगणक लवकर सुरू करणारे फास्ट स्टार्टअपही बंद पडते. 'इन्स्टॉलर' फोल्डर कितीही मोठा दिसला तरी तसाच राहू द्या, कारण तो रिकामा केल्यास त्याच दिवशी काहीच बिघडत नाही, पण पुढे एखादे सॉफ्टवेअर अपडेट किंवा अनइन्स्टॉल करताना मूळ फाइल सापडत नाही आणि काम तिथेच अडते.