संगीतकार चित्रगुप्तांची गाणी पाठ, सिनेमे मात्र माहीतच नाहीत. असं का?

मीरा_कोथरूड
आईच्या जुन्या कॅसेटी मोबाईलवर उतरवून घेतेय. एकीवर तिने नुसतं ‘चित्रगुप्त’ लिहिलंय. ‘लागी छूटे ना’, ‘तेरी दुनिया से दूर’, ‘दिल का दिया जला के गया’, सगळी लहानपणापासून ऐकलेली. पण ही गाणी कुठल्या सिनेमांतली, ते एकाचंही सांगता येईना. एवढ्या गुणी माणसाला मोठे सिनेमे का मिळाले नसतील?

तंबूतला_पोऱ्या
मीराताई, माझे वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सातारा-सांगलीकडच्या जत्रा आम्ही तंबूतच काढल्या. ‘झिंबो’, ‘झबक’, ‘सिंदबाद द सेलर’ असले मारामारीचे, जादूचे खेळ गावोगाव चालायचे. त्यांचं संगीत चित्रगुप्तांचं.

तंबू उभा राहिला की आधी बांबूवर कर्णा चढायचा आणि रेकॉर्ड लागायची. ती वाजली की गावाला कळायचं, आज खेळ आहे. रेकॉर्ड उलटायची, पिन बदलायची हे काम माझं. कनातीबाहेर एक म्हातारी शेंगा विकायची. रोज म्हणायची, “पोरा, ती ‘दूर’वाली लाव की.” ते गाणं ‘झबक’मधलं, रफी आणि लताचं. म्हातारीने तो सिनेमा कधीच बघितला नाही, धंदा सोडून आत यायची कशी? तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिच्यातच दिसतं.

आता उरलेलं. चित्रगुप्त 1917 चे, बिहारमधल्या गोपालगंजकडचे, चांगले एम. ए. झालेले. मुंबईत एस. एन. त्रिपाठींच्या हाताखाली शिकले आणि 1946 च्या ‘फायटिंग हीरो’पासून स्वतंत्र झाले. मोठ्या बॅनरची दारं तेव्हा बंदच होती म्हणा ना: राज कपूरकडे शंकर-जयकिशन, मेहबूबकडे नौशाद, देव आनंदच्या नवकेतनकडे सचिनदेव बर्मन. मग स्टंटपट आणि पौराणिकपट हेच रोजचं काम. होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्ससाठीही त्यांनी पुष्कळ केलं. शंभराच्या वर सिनेमे झाले, त्यातले बहुतेक कमी पैशांतले.

1957 मध्ये मद्रासच्या एव्हीएम स्टुडिओचा ‘भाभी’ आला आणि ‘चल उड जा रे पंछी’ घरोघरी पोचलं. दुसरा कोणी असता तर स्टंटपटांकडे फिरकला नसता. पण ‘झिंबो’ त्यानंतरचा आहे, 1958 चा. ‘झबक’ तर 1961 चा! म्हणजे नाव झाल्यावरही हा माणूस तलवारबाजीच्या सिनेमाला ‘तेरी दुनिया से दूर’सारखी चाल देतो. पडद्यावरचा राजवाडा पुठ्ठ्याचा असेल, चालीत कुठे पुठ्ठा दिसत नाही. त्यांना ‘बी ग्रेडवाले’ म्हटलं की मला अजून राग येतो.

रामटेककर
भोजपुरी राहिलंच की! पहिला भोजपुरी सिनेमा ‘गंगा मैया तोहे पियरी चढइबो’, 1963 चा. गीतं शैलेंद्रची, संगीत चित्रगुप्तांचं. आमच्या कारखान्यातले बिहारी कामगार अजून ती गाणी गुणगुणतात. त्यांच्या लेखी चित्रगुप्त सगळ्यांत मोठे. आणि आनंद-मिलिंद ही त्यांचीच मुलं.

मीरा_कोथरूड
आनंद-मिलिंद?! ‘कयामत से कयामत तक’वाले? हे माहीतच नव्हतं. काका, आधी काय ऐकू?

तंबूतला_पोऱ्या
हो, तेच. ‘कयामत’ 1988 चा, म्हणजे पोरांचं यश त्यांनी डोळ्यांनी बघितलं. 1991 मध्ये संक्रांतीच्या दिवशी गेले.

‘दिल का दिया’ परत ऐका, पण रात्री, हेडफोन लावून. ‘आकाशदीप’, 1965. लताबाई इतक्या हलक्या आवाजात गातात, जणू शेजारी कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही. कर्ण्यावर त्यातलं काहीच कळायचं नाही, नुसती खरखर. मला ते गाणं खरं कळलं ते नोकरीला लागल्यावर, स्वतःचा रेडिओ घेतला तेव्हा.

मीरा_कोथरूड
ऐकलं. दोनदा. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आईने पेन्सिलने ‘रंग दिल की धडकन’ लिहिलंय, खाली दोन रेघा मारून. आता ती बाजू लावते.

तंबूतला_पोऱ्या
‘पतंग’, 1960. लावा लावा.