मदत हवी आहे: डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणांत एरर हँडलिंग किती दाखवावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या ऑफिसात गोदामांचा साठा सांगणारी एक अंतर्गत सेवा आहे. ती पायथनमधून कशी वापरायची याचं डॉक्युमेंटेशन मी लिहिते. पहिल्याच पानावर चार ओळींचं उदाहरण होतं: रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या 'गेट'ने सर्व्हरला विचारायचं, आलेलं जेसन (सर्व्हरचं उत्तर ज्या मजकुराच्या रूपात येतं ते) उघडायचं, त्यातला 'स्टॉक' काढायचा आणि छापायचा. 'स्टॉक' सापडला नाही तर शून्य धरायचं, ही सोयही मीच करून ठेवली होती. नवखा माणूस पहिल्याच पानावर अडायला नको, एवढाच विचार होता.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याने तेच उदाहरण जसंच्या तसं उचलून रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये टाकलं. त्या रात्री सर्व्हर ५०० (म्हणजे 'सर्व्हरमध्येच बिघाड' सांगणारा कोड) देत होता. पण ५०० आला म्हणून रिक्वेस्ट्स स्वतःहून एक्सेप्शन (न पकडल्यास प्रोग्रॅम थांबवणारी एरर) फेकत नाही, आणि एररचा मजकूरही सर्व्हरने जेसनमध्येच पाठवला होता. जेसन नीट उघडलं, आत 'स्टॉक' नव्हता, म्हणून शून्य. सकाळी २१४ वस्तूंपुढे शून्य साठा आणि सगळ्यांच्या खरेदीचा मसुदा तयार. खरेदी विभागातल्या मॅडमनी सही करण्याआधी यादी नजरेखालून घातली म्हणून निभावलं. बोलणी त्या सहकाऱ्याला बसली. मला ते फार लागलं, कारण कोड माझा होता. त्याने माझ्या पानावर विश्वास ठेवला, एवढंच.

मग घाईघाईने मी सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये (पायथनमध्ये एरर पकडायची रचना) गुंडाळलं आणि खाली 'काहीतरी चुकलं' असं छापलं. चाराच्या एकोणीस ओळी झाल्या. नवीन आलेल्या मुलीने विचारलं, "ताई, यातली सर्व्हरला विचारणारी ओळ कुठली?" शिवाय संदेश छापून प्रोग्रॅम शून्य एक्झिट कोडने संपतो, म्हणजे शेड्युलरच्या लेखी जॉब यशस्वी. हे आधीपेक्षा वाईट.

तर पहिल्या उदाहरणात नेमकं किती ठेवावं? आणि एरर आली की ती कशी दिसते, हे कुठे दाखवावं?

प्रतिसाद:

ताई, पहिल्या उदाहरणात एरर पकडू नका, पण लपूही देऊ नका. 'गेट'ला टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ते) द्या, नाहीतर सर्व्हर गप्प बसला की रिक्वेस्ट्सही वाट बघत बसते. पुढच्या ओळीत 'रेज फॉर स्टेटस' लिहा, म्हणजे ५०० सारखा कोड आला की एक्सेप्शन फेकलं जाईल. ते शून्य काढा आणि 'स्टॉक' सरळ चौकटी कंसात मागा. चाराच्या पाच ओळी होतील. काही बिघडलं तर प्रोग्रॅम तिथेच पडेल आणि ट्रेसबॅक (कुठल्या ओळीत कुठली एरर आली ते दाखवणारा मजकूर) कारण सांगेल.

पकडून पुढे काही करता येत असेल तिथेच ट्राय-एक्सेप्ट दाखवा. ४०४ आला तर तशी वस्तूच नाही, ४२९ (फार वेळा विचारलं) आला तर थांबून पुन्हा विचारायचं. याचं पान वेगळं करा.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांनी यावर नीट विचार केलाय. त्यांच्या एपीआय मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की उदाहरणांत 'अनरॅप' (एरर आली की वरच्या कोडला संधी न देता प्रोग्रॅम पाडणारं) नको, प्रश्नचिन्ह (एरर वरच्या कोडकडे सोपवणारं) वापरा, कारण लोक उदाहरण तसंच चिकटवतात. त्यासाठी लागणाऱ्या जादा ओळी रस्टडॉकमध्ये (रस्टचं डॉक्युमेंटेशन बनवणारं साधन) सुरुवातीला हॅश टाकून लपवता येतात. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत, पण टेस्टमध्ये कंपाइल होतात.

एरर दाखवायला पायथनचं डॉकटेस्ट (डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून तपासणारं साधन) आहेच. अपेक्षित ट्रेसबॅक उदाहरणातच लिहा. ते सुरुवातीची ओळ आणि शेवटची एररची ओळ बघतं, मधला स्टॅक तपासत नाही. उद्या संदेश बदलला तर तुमची टेस्ट पडेल आणि पान जुनं झाल्याचं तुम्हाला लगेच कळेल.

धागाकर्ती:

मनापासून आभार. पाच ओळींचं उदाहरण आज टाकलं. मुद्दाम खोटा वस्तू-क्रमांक देऊन चालवलं, तर शेवटच्या ओळीत ४०४ आणि पूर्ण पत्ता दिसला. त्या मुलीला काही सांगावं लागलं नाही.

आता मागणी नोंदवण्याच्या पानावर अडले आहे. तिथे टाइमआउट आला म्हणजे मागणी पोचलीच नाही असं म्हणता येत नाही. ती नोंदली गेली असेल आणि उत्तर वाटेत हरवलं असेल. उदाहरणात रिट्राय (तीच विनंती पुन्हा पाठवणं) दाखवला आणि कोणी तो उचलला, तर तीच मागणी दोनदा जाईल. म्हणून सध्या रिट्राय काढून टाकलाय. प्रत्येक मागणीला पाठवणाऱ्यानेच क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने दुसरी नोंद करू नये, असं बॅकएंडवाल्यांना सुचवलंय. ते होईपर्यंत त्या पानावर काय लिहून ठेवावं? कोणी असं पान लिहिलं असेल तर कृपया सांगा.