प्रतिसाद: उत्साह चांगलाच, पण आधी कायदा बघा
तुमचा भाचा रशियात एमबीबीएस करतोय आणि त्याला एचआयव्ही जनजागृतीत स्वयंसेवक व्हायचंय, हे वाचून बरं वाटलं. पण तिकडे मेथाडोनवर (हेरॉइनसारख्या नशेऐवजी उपचार म्हणून दिलं जाणारं औषध) बंदी आहे. त्यामुळे इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी संस्थांच्या हातात उरतं ते रस्त्यावरचं काम: नव्या सुया, कंडोम, बोट टोचून जागच्या जागी तपासणी. मॉस्कोत हे करणाऱ्या आंद्रेई रिल्कोव्ह फाउंडेशनला २०१६ मध्ये ‘परकीय हस्तक’ (म्हणजे परदेशी पैशावर वा प्रभावाखाली चालणारी संस्था, असा सरकारी शिक्का) ठरवलं. ब्रिटिश गायक एल्टन जॉनच्या एड्स फाउंडेशनवर तर २०२५ मध्ये बंदीच आली. म्हणून कुठल्या संस्थेवर कसला शिक्का आहे, हे आधी तपासा. त्यापेक्षा कॉलेजमार्फतच १ डिसेंबरच्या एड्स दिनाला हातभार लावला तर व्हिसाची कटकट नाही. रशियन मात्र बऱ्यापैकी बोलता यायला हवं.