'स्वमग्न बाप' : पर्याय सुचवा

शेवंती
एका विनोदी कादंबरीचं भाषांतर करते आहे. निवेदक बाप आहे. मुलीचं ऑटिझमचं निदान होतं, आणि तिचे कागद वाचता वाचता त्याच्या लक्षात येतं की यातलं बरंचसं आपल्यालाच लागू आहे. पुढे त्याचंही निदान होतं आणि तिथून पुस्तक रंगतं. तो मुलीच्या शिक्षिकेला सांगतो की मीही ऑटिस्टिक आहे. मी लिहिलं, 'मीसुद्धा स्वमग्न आहे.' वाचून दाखवलं तर बहीण म्हणाली, "म्हणजे पोरीकडे लक्ष देत नाही, हे कबूल करतोय का?" तिथेच अडले आहे. हा माणूस पुस्तकभर मुलीवरची नजर काढत नाही. शिवण टोचू नये म्हणून तिचे मोजे उलटे करून ठेवतो. त्याच्या तोंडी हा शब्द कसा घालू?

रफार
शब्दात काही वावगं नाही. मूळ 'ऑटिझम' हा शब्द ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं १९११ च्या सुमारास ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. मुलांच्या संदर्भात कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञानं १९४३ मध्ये वापरला. 'स्व' मुळातच आहे. बहिणीला वेगळं ऐकू आलं म्हणून परिभाषा बदलायची नसते.

शेवंती
पण इंग्रजी वाचकाला त्यातलं ग्रीक ऐकू येत नाही, मराठी वाचकाला 'स्व' लख्ख ऐकू येतो. कादंबरीत मला तोच वाचक सांभाळायचा आहे.

ओसरी
मी दोन मुलांचा बाप, माझं निदान चाळिशीनंतर झालं, तेही धाकट्याच्या निमित्तानं. 'स्वमग्न' यातलं 'मग्न' मला मान्य आहे. 'स्व' अजिबात नाही. मी बुडतो तो कुलपांच्या रचनेत, जुन्या नकाशांत, कधी मुलाच्या एकाच प्रश्नात तीन-तीन तास. स्वतःत बुडायला मला सवडच होत नाही. शब्द एकेकट्या मुलासाठी चालून गेला असेल, कारण मूल काही म्हणत नव्हतं. बापाला लावला की तो आरोप होतो.

दवंडी
मग रोगनिदानाचा शब्दच नको. सरळ न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ज्याचा मेंदू चारचौघांहून वेगळा चालतो तो, हा शब्द घ्या आणि मराठीत 'मज्जाविविध' करा. मज्जासंस्था शाळेपासून माहीत आहे सगळ्यांना.

तिरकाना
'मज्जाविविध बाबा' म्हणजे नाना प्रकारची मज्जा करणारे बाबा! शिवाय एकटा माणूस विविध कसा असेल? विविध असतो तो समूह. मुळातही हा भेद आहे. न्यूरोडायव्हर्सिटी सगळ्यांची मिळून असते, न्यूरोडायव्हर्जंट एक माणूस असतो. हा दुसरा शब्द कॅसियान असासुमासू या ऑटिस्टिक कार्यकर्तीनं २००० च्या सुमारास काढला, आणि मुद्दाम ऐसपैस ठेवला. तेव्हा शेवंतीताईंच्या वाक्यात तो नेमका बसणारही नाही.

दवंडी
बरं, मग 'चेताभिन्न'? चेता म्हणजे मज्जातंतू.

रफार
'भिन्न' म्हणजे मूळ अर्थानं फुटलेला, भेदलेला. छिन्नभिन्न आठवा. संस्कृत गणितात अपूर्णांकाला भिन्न म्हणतात. स्वमग्न टाळून माणसाला अपूर्णांक करणार का?

तिरकाना
म्हणूनच म्हणतो, 'ऑटिस्टिक' ठेवा. पालक बोलतात, डॉक्टर बोलतात, वर्तमानपत्रं छापतात. रुळलेला शब्द परका राहत नाही.

रफार
हे फार सोपं झालं. महापौर, दिनांक हे सावरकरांनी दिलेले शब्द आज कुणाला कृत्रिम वाटतात का? वापरले म्हणून रुळले. प्रयत्नच केला नाही तर भाषेत क्रियापदं तेवढी मराठी उरतील.

ओसरी
रफारजी, महापौर हे पदाचं नाव आहे. इथे माणूस स्वतःला काय म्हणवून घेतो हा प्रश्न आहे. 'मतिमंद' हाही कधीकाळी कागदावरचा सभ्य शब्द होता. शाळेच्या मैदानात तो शिवी म्हणून फेकलेला मी ऐकला आहे, माझ्याच अंगावर. मग 'गतिमंद' आला, मग 'विशेष'. हे सगळे शब्द आमच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवले. आता एखादा बाप स्वतःहून स्वतःबद्दल बोलतोय, तर त्याचा शब्द जपा, एवढंच मागणं आहे.

सांजवात
आमच्या पिढीत निदान नव्हतं, पण अशी माणसं होती आणि शब्दही होते. तऱ्हेवाईक, विक्षिप्त, छांदिष्ट, अवलिया. माझे वडील घरातली सगळी घड्याळं एकाच क्षणी टोले देतील अशी लावत, आणि एक चुकलं तर जेवत नसत. आम्ही त्यांना अवलिया म्हणायचो, प्रेमानं. विनोदी पुस्तकाला हा शब्द शोभेल.

ओसरी
प्रेम पोचलं, तरी शब्द नको. अवलिया घरदार विसरून चालू लागतो. हा बाप रोज सकाळी त्याच क्रमानं मुलीचं दप्तर भरतो. त्याला अवलिया केलं की त्याची मेहनत पुसली जाते.

शेवंती
अगदी हेच. आणि विनोद त्याच्यावर नाहीच. कुणी "या की एकदा घरी" म्हटलं की तो लगेच वही काढून तारीख विचारतो. हसू येतं ते बोलावणाऱ्याच्या फजितीचं, कारण त्याला बोलवायचंच नव्हतं. 'विक्षिप्त' लिहिलं तर हा विनोद उलटा फिरेल.

रफार
'विक्षिप्त' उगाच बदनाम आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त बरोबर मधली, चंचल असूनही अधूनमधून स्थिरावणारी. एडीएचडीला, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्या निदानाला, याहून चांगला शब्द दाखवा.

तिरकाना
भाष्यातला अर्थ आज कुणाच्या कानात आहे? संस्कृतात तंद्री म्हणजे झापड, सुस्ती. मराठीत एखाद्या गोष्टीत हरवून जाणं. आपण मराठी अर्थानंच वापरतो ना? उलट ओसरींच्या कुलपांना 'तंद्री' चपखल आहे. शेवंतीताई, हायपरफोकसला, म्हणजे एकाच गोष्टीत तासन्‌तास गढून जाण्याला, हाच शब्द घ्या.

शेवंती
तंद्री घेतला! 'स्वमग्न'ची जागा मात्र अजून रिकामीच आहे.

सांजवात
अवलियावरून आठवलं. अरबीत तो 'वली'चं अनेकवचन आहे, वली म्हणजे ईश्वराचा निकटचा. आपण एकालाच अवलिया म्हणतो ही गंमत. 'काय वल्ली आहे!' यातला वल्लीही तोच.

रफार
वल्ली संस्कृत आहे, वल्ली म्हणजे वेल. वाट्टेल तशी वाढणारी, म्हणून माणसाला लावला.

सांजवात
वेलीला कुणी 'काय वल्ली आहे' असं कौतुकानं म्हटलेलं ऐकलंय का कधी? शिवाय लिंग बघा. वेल अर्थाची वल्ली स्त्रीलिंगी आहे.

रफार
'व्यक्ती' स्त्रीलिंगी असून पुरुषाला चालतेच की.

दवंडी
लिंगावरून निकाल लागणार नाही हा. आणि 'एक नग आहे' यातला नग कुठला? संस्कृत नग म्हणजे पर्वत, हे पटत नाही.